दिलमुनची वजने

सिंधू संस्कृतीच्या धड्यात एक वाक्य हमखास असते. 'या लोकांचा मेसोपोटेमियाशी समुद्रमार्गे व्यापार चालत असे.' मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचा गुणही मिळवतात. पण एखादा विद्यार्थी उभा राहून "कशावरून?" असे विचारील तर काय सांगायचे? लोथलची गोदी, मुद्रा, मणी अशी दोनचार नावे घेऊन बहुतेक शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळत असावेत. आमचे काम प्रयोगशाळेतले. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला वर्गात कोणी विचारला नाही. तो विचारला आमच्या दहावीतल्या पुतणीने, आणि तोही बहारीनच्या किल्ल्यावर, भर वाऱ्यात उभे राहून.

आमचा आतेभाऊ बरीच वर्षे नोकरीनिमित्त बहारीनमध्ये राहतो. "एकदा ये, बघण्यासारखे खूप आहे," हे त्याचे जुने पालुपद. वाळवंट, तेलविहिरी आणि बाजार यांखेरीज तेथे काय असणार, असे आम्ही मनात म्हणत असू. शेवटी एका जानेवारीत चार दिवसांसाठी गेलो आणि आमचे अज्ञान चांगलेच उघडे पडले.

बहारीन हा इराणच्या आखातातील लहानमोठ्या बेटांचा देश. एकूण क्षेत्रफळ बृहन्मुंबईपेक्षा थोडे जास्त. मुख्य बेट साधारण ५० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. 'बहारीन' या अरबी शब्दाचा अर्थ 'दोन समुद्र'. त्यांतला एक खारा आणि दुसरा गोड, असे तेथील लोक सांगतात. ही केवळ कविकल्पना नव्हे. बेटाच्या उत्तर भागात गोड्या पाण्याचे झरे होते, आणि किनाऱ्यापासून आत, समुद्राच्या तळाशीही होते. मोत्यांसाठी बुड्या मारणारे लोक कातडी पखाल घेऊन खाली जात, झऱ्याच्या तोंडाशी ती धरत आणि खाऱ्या समुद्राच्या पोटातून गोडे पाणी वर आणत. हे पाणी बेटावरच्या पावसाचे नाही. तेथे वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पाऊस पडतो. अरबस्तानच्या भूमीत हजारो वर्षांपूर्वी मुरलेले पाणी चुनखडीच्या थरांतून पूर्वेकडे सरकत येते आणि बहारीनपाशी दाबामुळे वर उसळते. उसळत असे, असे म्हणायला हवे. विसाव्या शतकात पंप लावून इतका उपसा झाला की बहुतेक झरे आटले. अधारीचा प्रसिद्ध झराही त्यांत गेला. आज तेथील नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचेच, क्षार काढून टाकलेले असते.

ज्या काळी हे झरे वाहत होते त्या काळी वाळवंट आणि खारा समुद्र यांच्यामध्ये गोडे पाणी, खजुराची झाडे आणि जहाजांना आसरा देणारा किनारा असे हे ठिकाण होते. इराकमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर 'दिलमुन' नावाच्या देशाचा उल्लेख वारंवार येतो. इ.स.पू. २५०० च्या सुमारास लगश नगरीचा राजा उर-नान्शे सांगतो की दिलमुनच्या जहाजांनी आपल्याला लाकूड आणून दिले. पुढे इ.स.पू. २३०० च्या आसपास अक्कडचा सार्गोन अभिमानाने लिहून ठेवतो की मेलुह्हा, मगन आणि दिलमुन येथील जहाजे आपल्या धक्क्याला लागतात. मगन म्हणजे ओमान आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे आज बहुतेक संशोधक मानतात. सुमेरी पुराणकथांत दिलमुन ही पवित्र, रोगराई नसलेली भूमी आहे आणि तिला गोडे पाणी मिळते ते एन्की देवाच्या कृपेने.

पण हे दिलमुन कोठे होते? १८७८-७९ मध्ये कॅप्टन ड्युरँड या इंग्रज अधिकाऱ्याने बहारीनची पाहणी केली. तेव्हा एका जुन्या मशिदीत त्याला काळ्या दगडावर कोरलेला एक क्यूनिफॉर्म म्हणजे बाणाग्र लिपीतील लेख सापडला. त्यात इन्झाक देवाचे नाव होते. इन्झाक हा दिलमुनचा देव, हे बॅबिलोनी पाट्यांवरून माहीत होते. त्यावरून हेन्री रॉलिन्सन यांनी बहारीन म्हणजेच दिलमुन असे मत मांडले. सर्वांनाच ते पटले नाही. सुमेरी भाषेचे मोठे पंडित सॅम्युएल नोआ क्रेमर १९६० च्या दशकातही दिलमुन म्हणजे सिंधूचे खोरेच असावे, असे म्हणत होते. त्यांचे म्हणणे टिकले नाही. पण एवढा मोठा विद्वानही असे म्हणू शकत होता, यावरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ ग्रंथ आणि पाट्या वाचून जागा ठरत नाही. त्यासाठी जमीन खणावी लागते.

पहिल्या दिवशी भावाने आम्हाला आली गावाकडे नेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मातीची टेकाडे दिसू लागली. आधी वाटले, कोठे तरी बांधकाम चालले असावे आणि हे त्याचे ढिगारे असावेत. मग ती संपेचनात. एकामागे एक, एकाच घाटाची, पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच. हे सारे इ.स.पू. २२०० ते १७५० या काळातील थडग्यांचे ढीग आहेत. मुळात प्रत्येक थडगे म्हणजे दगडांचा गोल, बुटका बुरूज. मध्यभागी दगडी कोठडी, कोठडीला बहुधा एखादा कोनाडा, आत कुशीवर गुडघे मुडपून निजवलेले एक माणूस आणि सोबत मडकी, कधी तांब्याचे हत्यार, कधी मणी. बुरूज कालांतराने ढासळले आणि त्यांचे ढीग झाले. आली गावातील राजघराण्याची थडगी मात्र दुमजली इमारतीएवढी आहेत आणि गावातील घरे त्यांना बिलगून उभी आहेत. कुंभारांच्या भट्ट्याही या टेकाडांच्या कुशीतच. यांतील एका थडग्यात दगडी भांड्यांचे कोरीव लेख असलेले तुकडे मिळाले. त्यांवरून रिमुमचा मुलगा यागली-एल हे राजाचे नाव वाचता आले. ड्युरँडच्या दगडावरही रिमुमचेच नाव आहे.

युनेस्कोने २०१९ मध्ये या थडग्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत ११,७७४ ढीग आहेत. जुन्या हवाई छायाचित्रांवरून संशोधकांनी जी मोजदाद केली आहे, तीनुसार मूळ संख्या ७५,००० च्या आसपास असावी. उरलेली रस्त्यांखाली, घरांखाली गेली. "आमची वसाहतसुद्धा त्यांच्यावरच बांधलेली असणार," भाऊ म्हणाला. वहिनींना ते आवडले नाही. "भरल्या घरात कशाला असले विषय?" त्या म्हणाल्या.

एवढ्याशा बेटावर एवढी थडगी म्हटल्यावर फार पूर्वीपासून एक कल्पना रूढ झाली. बहारीन हे 'मृतांचे बेट' असावे, अरबस्तानच्या भूमीवरील लोक आपले मृत नातेवाईक या पवित्र बेटावर आणून पुरत असावेत, ही ती कल्पना. भाऊही आम्हाला तेच सांगत होता. रात्री जेवणानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. हा हिशोब नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल, म्हणून येथे पूर्ण देतो.

थडगी ७५,००० आणि काळ ४५० वर्षे. म्हणजे वर्षाला सरासरी १६७ थडगी. प्रत्येकात साधारण एक माणूस. आता त्या काळी मृत्यूचे प्रमाण किती असेल? आधुनिक वैद्यक येण्यापूर्वीच्या समाजांत दर हजारी ३५ ते ४० मृत्यू दरवर्षी होत. आपण ४० धरू. पण अशा समाजात निम्मे मृत्यू लहान मुलांचे असत, आणि समजा मुलांसाठी असे स्वतंत्र बुरूज बांधत नसत. मग वर्षाचे एकूण मृत्यू १६७ च्या दुप्पट, म्हणजे ३३४. हजारी ४० या दराने ३३४ मृत्यू होण्यासाठी लोकसंख्या हवी सुमारे ८,४००. झरे आणि खजुराच्या बागा असलेल्या बेटावर आठ-दहा हजार माणसे राहणे मुळीच अवघड नाही. बाहेरून मृतदेह आणण्याची काही गरजच उरत नाही! मानववंशशास्त्रज्ञांनी याहून काटेकोर हिशोब करून हाच निष्कर्ष काढला आहे. आमच्या हिशोबातील आकडे थोडे इकडेतिकडे करून पाहा. लोकसंख्या पाच हजार येईल, नाही तर पंधरा हजार येईल. निष्कर्ष बदलत नाही. मोठा आकडा दिसला की आपण थक्क होतो, आणि तो किती वर्षांचा हे विचारायचे राहून जाते.

थडगी नष्ट होत होती तेव्हा ती वाचवण्याचे, निदान नोंदवून ठेवण्याचे प्रयत्नही झाले. १९८० च्या दशकात ढिगांच्या एका मोठ्या क्षेत्रावर हमद नावाचे नवे शहर वसवले गेले. त्या वेळी बहारीनच्या पुरातत्त्व खात्याबरोबर अनेक देशांच्या पथकांनी घाईघाईने उत्खनने केली. त्यांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथकही होते. के. एम्. श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली १९८४-८५ मध्ये त्यांनी हमद शहराच्या जागेवरील ढीग खणले. बहारीनच्या थडग्यांत सिंधू प्रदेशातील लाल अकीकाचे मणी आणि हस्तिदंती वस्तू मिळाल्या आहेत. अकीक गुजरातचा असेल, पण मणी कोणाच्याही हातून कोठेही जाऊ शकतो. मणी सापडला म्हणून मणी बनवणारा तेथे आला होता असे नव्हे. आपल्या खेड्यातल्या बाजारात चिनी खेळणे मिळते, तेवढ्यावरून गावात चिनी माणूस येऊन गेला असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे आमचे समाधान झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बारबारचे मंदिर पाहिले. एकावर एक बांधलेल्या तीन मंदिरांचे हे अवशेष डॅनिश पथकाने १९५४ मध्ये उघडे केले. तासलेल्या चुनखडीच्या दगडांचा चौथरा आहे आणि त्याच्या एका अंगाला पायऱ्या उतरून झऱ्याच्या कुंडाशी जाता येते. भूमीखालच्या गोड्या पाण्याचा देव एन्की, त्याचे हे स्थान असावे असे मानतात. आपल्याकडची बारव पाहिलेल्या माणसाला त्या पायऱ्या परक्या वाटत नाहीत. येथेच तांब्याचे एक सुरेख बैलमुख सापडले. ते आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सार येथील वस्ती आम्ही धावतच पाहिली. गल्ल्या, घरे, मधोमध देऊळ असे चार हजार वर्षांपूर्वीचे सबंध गाव तेथे १९९० च्या दशकातील उत्खननात उघडे झाले आहे. तिला अर्धा दिवस द्यायला हवा होता, ही चुटपुट राहिली.

आता किल्ल्याकडे वळू. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे साडेसतरा हेक्टरांचे एक पांढरीचे टेकाड आहे. त्यावर पोर्तुगिजांच्या काळातील किल्ला आहे. १५२१ ते १६०२ अशी सुमारे ऐंशी वर्षे त्यांचा येथे अंमल होता. चौल, वसई, गोवा पाहिलेल्यांना त्या बुरुजांची ओळख पटायला वेळ लागत नाही. पण खरी गंमत किल्ल्याच्या खाली आहे. इ.स.पू. २३०० पासून इ.स. च्या सोळाव्या शतकापर्यंत माणसे येथे राहिली, आणि एकाच्या घरावर दुसऱ्याचे घर असे बांधत गेली. १९५३ च्या हिवाळ्यात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी हे दोघे डेन्मार्कच्या आरहुस येथून आले आणि त्यांनी या टेकाडात चर खणायला सुरुवात केली. बिबी पूर्वी एका तेल कंपनीच्या नोकरीत बहारीनमध्ये होते. तेव्हापासून ते ढीग त्यांच्या डोक्यात बसले होते. पुढे अनेक हिवाळे ही मोहीम चालली. एका महालाच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेले साप सापडले. काहींच्या सोबत एखादा मणी होता, एकाच्या सोबत मोती. गिल्गमेशच्या कथेत अमरत्वाची वनस्पती साप खाऊन टाकतो. त्या कथेशी बिबींनी याचा संबंध जोडला. तर्क मोहक आहे. पण महाल इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासचा, कथा त्याहून कितीतरी जुनी. आम्ही त्यावर सही करणार नाही.

जुन्या शहराच्या उत्तर तटाजवळ मात्र त्यांना एक साधी गोष्ट मिळाली. घासून गुळगुळीत केलेले लहान दगड, काही घनाकृती तर काही गोल. ती वजने होती. आमचा रोजचा संबंध तराजूशी येतो, म्हणून असेल कदाचित, पण बैलमुखापेक्षा आम्हाला या दगडांचे महत्त्व अधिक वाटले. ते का, हे नीट सांगायला हवे.

मेसोपोटेमियात वजनाची पद्धत साठाची. ६० शेकेल म्हणजे एक मिना आणि ६० मिना म्हणजे एक टॅलंट. शेकेल सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास, मिना सुमारे अर्धा किलो, टॅलंट ३० किलो. सिंधू संस्कृतीची पद्धत अगदी वेगळी. मोहेंजोदडोच्या वजनांचा अभ्यास ए. एस. हेमी यांनी केला आणि तो १९३१ मध्ये मार्शल यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. सर्वांत लहान माप सुमारे ०.८६ ग्रॅम, मग त्याची दुप्पट, तिची दुप्पट असे १, २, ४, ८, १६, ३२, ६४. त्यापुढे ती दहाच्या पटींकडे वळते, १६०, ३२०, ६४० अशी. सर्वांत जास्त संख्येने सापडतात ती १६ पटीची, सुमारे १३.७ ग्रॅमची वजने. आपल्या तोळ्याहून ती थोडी जड. (रुपयाचे १६ आणे आणि शेराच्या १६ छटाका आठवून थेट नाते जोडण्याचा मोह होतो. मधल्या काळाचा पुरावा नसताना तो आवरलेला बरा.)

दुपटीची ही मालिका सोयीची आहे. १ ते ६४ ही सातच वजने जवळ असली तर एका पारड्यात वजने टाकून १ ते १२७ पर्यंतचे कोणतेही पूर्णांकी वजन करता येते. मुलांना करून पाहू द्या. शंभर कसे करायचे? ६४, ३२ आणि ४. द्विमान पद्धत शिकवण्यासाठी याहून चांगला तराजू मिळणार नाही.

बहारीनला सापडलेले दगड तोलले तेव्हा ते शेकेलच्या पद्धतीत बसले नाहीत. ते सिंधूच्या मालिकेत बसले.

येथेच पुतणीने तिचा प्रश्न विचारला. "पण काका, दगड चार-पाचच असतील, तर ते योगायोगाने जुळले नसतील कशावरून? रस्त्यावरचा कोणताही दगड उचलला तरी तो कोणत्या ना कोणत्या वजनाच्या जवळ जाईलच की."

शंका अगदी योग्य. प्रयोगशाळेत आमचे वरिष्ठ हीच शंका विचारतात. उत्तर काढता येते. सिंधूच्या वजनांमध्येही थोडा कमीजास्तपणा असतोच. कडा झिजतात, टवका उडतो. म्हणून तीन टक्के इकडेतिकडे चालेल असे धरू. मालिका दुपटीची, तेव्हा १३.७ ते २७.४ ग्रॅम हा एक टप्पा घेतला तरी पुरे. या टप्प्यात येणारा कोणताही दगड दोन टोकांपैकी एकापासून तीन टक्क्यांच्या आत असण्याची शक्यता किती? अचूक उत्तरासाठी लॉगॅरिथम लागते आणि ते साधारण बारात एक असे येते. म्हणजे एकच दगड जुळला तर त्याला फारशी किंमत नाही. दोन जुळले तर बारा गुणिले बारा, १४४ त एक. तीन जुळले तर १,७२८ त एक. चौथ्या दगडापर्यंत पोचेतो योगायोग वीस हजारांत एकाच्या पलीकडे जातो. शिवाय आकार. चर्ट नावाचा कठीण दगड कापून, त्याचा घन करून, सहाही बाजू घासून गुळगुळीत करण्याची रीत सिंधूकडचीच. आकाराची साक्ष आणि वजनाची साक्ष या स्वतंत्र साक्षी आहेत.

तिसरी साक्ष तर लेखी आहे, आणि ती विरुद्ध पक्षाकडून येते. इराकमधील उर या नगरीत तांब्याचा व्यापार करणाऱ्यांच्या पाट्या सापडल्या आहेत. ही माणसे दिलमुनला जात आणि मगनचे तांबे तेथून आणत. त्यांतला एक व्यापारी एआ-नासिर. इ.स.पू. १७५० च्या सुमारास त्याने हलक्या प्रतीचे तांबे माथी मारले म्हणून चिडलेल्या गिऱ्हाइकाने लिहिलेली पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यामुळे बिचाऱ्याची अपकीर्ती पावणेचार हजार वर्षे टिकून राहिली आहे! या व्यापाऱ्यांच्या हिशोबांत काही ठिकाणी तांब्याचे वजन 'दिलमुनच्या मापाने' दिलेले असते आणि त्याचे रूपांतर उरच्या मापात केलेले असते. एका नोंदीतला माल १८ टनांहून अधिक आहे. या रूपांतरांवरून दिलमुनची एक मिना किती ग्रॅमची हे काढता येते. मायकेल रोफ यांनी १९८२ मध्ये हा सगळा पुरावा एकत्र मांडला. उत्तर आले सुमारे १,३७० ग्रॅम, उरच्या मिनेच्या पावणेतीनपट. आता १,३७० ला १३.७ ने भागा. बरोबर शंभर.

म्हणजे दिलमुनच्या बाजारात तांबे तोलले जाई ते सिंधूच्या वजनांनी. हा मण्यासारखा पुरावा नाही. मणी हातोहात फिरतो. वजन फिरत नाही, ते दुकानात राहते. एखाद्या बंदराने परक्याची मापे आपली म्हणून स्वीकारली, याचा अर्थ त्या परक्याशी रोजची, नियमित देवघेव होती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. मेसोपोटेमिया दिलमुनला अधिक जवळ, देवही बरेचसे सारखे. तरी मापे घेतली ती दूरच्या मेलुह्हाची. यावरून दिलमुनला व्यापाराची मोठी चालना पूर्वेकडून मिळाली असावी, असे बिबींनी म्हटले. आम्हाला हे पटते. पाठ्यपुस्तकातील वाक्यात 'सिंधू' आणि 'मेसोपोटेमिया' एवढी दोनच नावे असतात. मध्ये बसून दोघांचा हिशोब जुळवणारा हा तिसरा गाळला जातो, आणि 'कशावरून?'चे उत्तर नेमके त्याच्याकडे आहे.

मुद्रांचीही साक्ष काढता येते. दिलमुनच्या मुद्रा चौकोनी नाहीत, गोल आहेत. पाठीला घुमट, त्यावर तीन समांतर रेषा आणि चार टिंबयुक्त वर्तुळे. त्याआधीच्या काही गोल मुद्रांवर मात्र सिंधूचा बैल आणि सिंधू लिपीतील चिन्हे आहेत. गंमत अशी, की या चिन्हांचे क्रम सिंधू प्रदेशातील मुद्रांवरच्या क्रमांशी पुष्कळदा जुळत नाहीत. लिपी तीच, पण लिहिलेली नावे किंवा भाषा वेगळी असावी. परदेशी स्थायिक झालेल्या, तिकडचीच नावे घेतलेल्या लोकांच्या त्या असतील काय? लिपी वाचता येईपर्यंत हा अंदाजच. कालनिश्चितीला मदत करणारा एक ठसा अमेरिकेत येल येथील पाटीवर आहे. दिलमुनच्या पद्धतीच्या मुद्रेचा ठसा असलेला तो एक व्यापारी करार आहे, आणि त्यावर लार्सा नगरीच्या गुंगुनुम राजाचे दहावे वर्ष, म्हणजे सुमारे इ.स.पू. १९२३, असा काळ लिहिलेला आहे. अशीच एक गोल मुद्रा लोथलच्या टेकाडावर मिळाली. एस. आर. राव यांनी ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा लोथलचे नाव घेताना गोदीपेक्षा या नाण्याएवढ्या दगडाचे नाव आधी घ्यावे. गोदी खरोखर गोदी होती की पाण्याचा तलाव, यावर वाद आहे. मुद्रेवर नाही.

शेवटच्या दिवशी मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे वाडे पाहिले. २०१२ पासून तेही जागतिक वारसा आहेत. येथले मोती मुंबईला जात. तेथे ते भोके पाडून, ओवून, प्रतवारी करून पुढे युरोपात विकले जात. मोत्यांसाठी 'चव' नावाचे माप मुंबईत चाले आणि बहारीनमध्येही. ते वजनाच्या वर्गावर आधारलेले आहे. मोती दुप्पट वजनाचा असेल तर त्याची चव चौपट. त्यामुळे मोठ्या मोत्याला जास्त भाव का, हे मापातच सांगितलेले असे. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची मंदी यांनी हा धंदा बुडाला. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागले. पण चलन मात्र रुपयाच राहिला. १९५९ पर्यंत भारतात चालणाराच, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला वेगळा रुपया. १९६५ मध्ये बहारीनचा दिनार आला तो दहा रुपयांस एक या दराने. बेटाने पूर्वेकडची मापे घेण्याची ही दुसरी वेळ. दोन्हींच्या मध्ये साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ गेला, म्हणून त्यांना परंपरा म्हणता येणार नाही. वारे मात्र तेच. हिवाळ्यात इकडून तिकडे, पावसाळ्याच्या सुमारास तिकडून इकडे.

संध्याकाळी मनामाच्या बाजारात वहिनींना सोनाराकडे काम होते. दुकानदार कच्छी. काचेखाली एक छोटी चिप ठेवलेली होती, दहा तोळ्यांची. सारे जग ग्रॅममध्ये बोलत असताना आखातात सोने अजून तोळ्यांत मिळते! पुतणीने लगेच मोबाइल काढला. "काका, दहा तोळे म्हणजे ११६.६४ ग्रॅम. भागिले १३.७..." आम्हीही तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागलो.

"साडेआठ," ती म्हणाली. "नाही जुळत."

"दुप्पट केले तर सतरा येतात," भाऊ म्हणाला.

"सतरा नाही ना मालिकेत," ती म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.